काय बाधते, हे कसे ओळखावे?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत ‘बाधणे’ हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. कुणाला वांगे बाधते, कुणाला हरभऱ्याची डाळ, कुणाला रात्रीचे दूध. तर कुणाला लग्नाच्या पंगतीतले काहीतरी बाधलेले असते आणि नक्की काय, ते शेवटपर्यंत कळत नाही. अंगावर गांधी उठल्या तरी बाधले, पोट फुगले तरी बाधले आणि सकाळी चारदा जावे लागले तरी बाधलेच. शरीरात नेमके काय घडले, याच्या खोलात हे क्रियापद शिरत नाही. अलीकडे त्याच्या जागी आपण एक परका शब्द आणून बसवला आहे. ‘मला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे’, ‘धाकट्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे’, असे आता घरोघरी ऐकू येते. हा शब्द मात्र ‘बाधणे’सारखा मोघम नाही. त्याला जन्मसाल आहे, जन्मदाता आहे आणि त्याच्या अर्थावरून डॉक्टर मंडळी शंभर वर्षे भांडत आली आहेत. ज्यांचे पोट वर्षानुवर्षे बिघडलेले आहे, त्यांच्या ताटात काय वाढायचे आणि काय काढून घ्यायचे, हे त्या भांडणांवर ठरत आले. म्हणून त्यांचा इतिहास माहीत असलेला बरा.

ज्या दुखण्याविषयी मुख्यतः बोलायचे आहे, त्याला डॉक्टर ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात. रुग्ण नुसते ‘आयबीएस’ म्हणतात. पोटात कळ येते. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, कधी दोन्ही आलटून पालटून. जेवण झाले की पोट नगाऱ्यासारखे फुगते. बाहेरगावी जायचे म्हटले की आधी शौचालयाची चौकशी. आणि इतके सगळे होऊन रक्त तपासले, सोनोग्राफी केली, दुर्बिणीने आतडे पाहिले, तर सारे ठीकठाक! जुन्या पुस्तकांत याच दुखण्याला ‘म्यूकस कोलायटिस’, ‘स्पॅस्टिक कोलन’ अशी नावे आढळतात. १९६२ मध्ये ऑक्सफर्डच्या चौधरी आणि ट्रूलव्ह या दोघा डॉक्टरांनी अशा १३० रुग्णांची बारकाईने नोंद केली. त्यांतल्या बऱ्याच जणांचे दुखणे एखाद्या आमांशानंतर सुरू झाले होते. जंतू गेले, पण पोट काही पूर्वपदावर आले नाही. ही नोंद लक्षात ठेवा. तिचा धागा साठ वर्षांनी पुन्हा हाती लागणार आहे.

एकाला पचते ते दुसऱ्याला सोसत नाही, हे निरीक्षण काही नवे नव्हे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत म्हटले आहे, की चीज काहींना पोटभर खाल्ले तरी मानवते आणि काहींना त्याचा त्रास होतो. आपल्याकडे चरकसंहितेत ‘सात्म्य’ ही कल्पना आहे. कोणते अन्न कोणाच्या प्रकृतीला आणि सवयीला मानवते, याचा विचार तिच्यात आहे. पण मानवत नाही, ते का? आणि मुख्य म्हणजे कोणते मानवत नाही, ते ओळखायचे कसे? खरी अडचण या दुसऱ्या प्रश्नात आहे. माणूस दिवसाकाठी वीस-पंचवीस तरी पदार्थ पोटात घालतो. दुपारी दुखले, तर दोष सकाळच्या दुधाचा, कालच्या राजम्याचा, की साहेबांनी केलेल्या पाणउताऱ्याचा?

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. ग्रीक भाषेतल्या ‘वेगळे’ आणि ‘कार्य’ या अर्थाच्या दोन शब्दांची ती जोडणी. घोड्याच्या रक्तापासून केलेली लस टोचलेली मुले दुसऱ्या वेळी वेगळ्याच रीतीने आजारी पडतात, हे त्यांनी पाहिले होते. एखाद्या गोष्टीशी एकदा गाठ पडल्यावर शरीराची प्रतिक्रिया बदलते, एवढाच त्यांचा अर्थ होता. अन्नाचा त्यात फारसा संबंध नव्हता.

तो संबंध लवकरच आला. न्यूयॉर्कचे ऑस्कर श्लॉस यांनी १९१२ मध्ये एका आठ वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. त्याला अंडे, बदाम आणि ओट चालत नसत. खाल्ले की अंगावर गांधी येत, सूज येई. श्लॉस यांनी त्याच्या कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यांवर निरनिराळे पदार्थ लावले. ज्यांचा त्रास होता, नेमके त्यांच्याच जागी कातडी फुगली. प्रत्येक पदार्थ खायला घालून पाहण्याची गरज उरली नाही. डॉक्टरांना केवढा आनंद झाला असेल! आजही अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यात हातावर थेंब टाकून टोचतात, ती याच चाचणीची सुधारलेली आवृत्ती.

पुढचा टप्पा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत रंगतदार वाटतो. जर्मनीतल्या ब्रेसलाऊ शहरात (हे आज पोलंडमधले व्रोत्स्वाफ) कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरना मासे चालत नसत. थोडासा तुकडा पोटात गेला, तरी खाज, सूज, शिंका, उलट्या. प्राउस्निट्झना माशांचे काहीच वावडे नव्हते. मग प्राउस्निट्झनी क्युस्टनरच्या रक्तातला द्रव घेतला आणि स्वतःच्या पोटाच्या कातडीखाली टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. जागा लाल होऊन फुगली. शेजारच्या कातडीवर काहीच नाही. म्हणजे क्युस्टनरच्या रक्तात असे काहीतरी होते, की जे दुसऱ्याच्या अंगात घातले तर त्यालाही तेवढ्या जागेपुरते माशांचे वावडे चिकटत होते. १९२१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे कळायला पुढे पंचेचाळीस वर्षे लागली. हिटलरच्या काळात प्राउस्निट्झ इंग्लंडला गेले आणि आइल ऑफ वाइट बेटावर साधी डॉक्टरकी करीत राहिले. १९६३ मध्ये ते वारले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६६ मध्ये, किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या अमेरिकेत काम करणाऱ्या जपानी दांपत्याने ते द्रव्य हुडकले. १९६७ मध्ये स्वीडनच्या योहान्सन आणि बेनिक यांनी ते स्वतंत्रपणे वेगळे काढले. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला ‘आयजीई’ हे नाव मिळाले. खरी, नेमकी, पाठ्यपुस्तकातली अन्नाची अ‍ॅलर्जी म्हणतात ती बहुतांशी या आयजीई प्रतिपिंडांची करामत. शेंगदाण्याच्या एका दाण्याने घसा सुजून श्वास कोंडतो, तो हिच्यामुळे.

पण पोटाच्या रुग्णांचे काय? कातडीवरची चाचणी करावी, तर त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कातडीवर काहीच उमटत नसे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे डॉक्टर अल्बर्ट रोव यांना ही गोष्ट विसाव्या दशकातच खटकली होती. त्यांचे म्हणणे असे, की कातडी गप्प बसली म्हणून अन्न निर्दोष ठरत नाही. अन्नाची परीक्षा अन्नानेच करावी. त्यांनी मोजक्या, क्वचितच कुणाला बाधणाऱ्या पदार्थांची पथ्ये आखली. त्यांत तांदूळ असे, मेंढीचे मांस असे, काही ठरावीक भाज्या आणि फळे असत. गहू, दूध, अंडी बंद. रुग्णाने काही आठवडे एवढ्यावरच काढायचे. बरे वाटले, तर मग एकेक पदार्थ परत सुरू करायचा आणि काय होते ते लिहून ठेवायचे. १९३१ मध्ये त्यांचा अन्नाच्या अ‍ॅलर्जीवरचा मोठा ग्रंथ निघाला. ज्याला आज ‘एलिमिनेशन डाएट’ म्हणतात, ते चलनात आणले रोव यांनी.

रोव यांची पद्धत उत्तम होती. त्यांचा उत्साह मात्र आवरत नव्हता. अर्धशिशी, थकवा, चिडचिड, म्यूकस कोलायटिस, सगळ्यांच्या मुळाशी त्यांना अन्नाची अ‍ॅलर्जी दिसू लागली. त्यांच्यामागून येणारे आणखी पुढे गेले. आर्थर कोका हे साधे गृहस्थ नव्हते. ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’ या मान्यवर नियतकालिकाचे ते पहिले संपादक. पण त्यांनी १९५६ मध्ये प्रतिपादले, की जेवणानंतर नाडी मोजावी. ती वाढली, तर तो पदार्थ वैरी समजावा. नाडी तर जिना चढला तरी वाढते आणि उधारी मागणारा दारात आला तरी वाढते. अशा गोष्टींमुळे झाले काय, की शहाणे डॉक्टर अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा विषय निघाला की खांदे उडवू लागले. रुग्ण मात्र दुखत्या पोटानिशी तसाच राहिला.

त्याच काळात हॉलंडमध्ये एक वेगळी गोष्ट घडत होती. हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात विलेम कारेल डिके हे डॉक्टर सिलिअ‍ॅक नावाच्या रोगाची मुले सांभाळत. हातापायांच्या काड्या, पोटाचा नगारा, पांढरट दुर्गंधी जुलाब. पुष्कळ मुले दगावत. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युअल गी यांनी या रोगाचे वर्णन केले होते आणि इलाज असलाच तर तो आहारात असेल, हेही ओळखले होते. एक मूल रोज डच शिंपल्यांवर ठेवले असता बाळसे धरू लागले आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खंगले, असेही त्यांनी नमूद केले आहे. पुढे न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ मध्ये अशा मुलांना केळ्यांवर ठेवले आणि मुले सुधारली. श्रेय केळ्यांना गेले. वस्तुतः गुण केळ्यांचा नव्हता. केळी खाणारे मूल पाव खात नव्हते!

डिके यांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. पाव मिळेना, तेव्हा इतर मुले खंगत असताना सिलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारली. आणि विमानांतून पाव येऊ लागला तशी पुन्हा आजारी पडली. गोष्ट खरी असली, तरी शोध त्या हिवाळ्यात लागला असे म्हणणे बरोबर नाही. गव्हाचा संशय डिके यांना युद्धाच्या आधीपासून होता आणि १९४१ मध्ये त्यांनी गव्हाविना आहाराविषयी लिहिलेही होते. शिवाय ते नुसत्या संशयावर थांबले नाहीत. मुलांच्या आहारातून गहू काढायचा, घालायचा, पुन्हा काढायचा, आणि प्रत्येक वेळी वजन व विष्ठेतली चरबी मोजायची, असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९५० मध्ये त्यांचा प्रबंध पुरा झाला. गहू आणि राय ही धान्ये दोषी, तांदूळ निर्दोष. दोष गव्हातल्या ग्लूटेन या चिकट प्रथिनाचा, हे डिके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगेचच पुढे दाखवले.

गंमत अशी, की सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे. यात आयजीई नाही, गांधी नाहीत. ग्लूटेनच्या निमित्ताने शरीराची प्रतिकारसंस्था स्वतःच्याच आतड्याचे अस्तर खरवडून काढते. मोठ्या माणसांत याची लक्षणे सौम्य असू शकतात. पोट फुगणे, पातळ शौच, थकवा. म्हणजे दिसायला हुबेहूब आयबीएस. गहू खाणाऱ्या उत्तर भारतात हा रोग दक्षिणेपेक्षा जास्त आढळतो. पण आता आपल्याकडेही भाकरीची जागा पोळीने घेतली आहे. १९९७ पासून याची खात्रीशीर रक्ततपासणी शक्य झाली आहे. तिच्यात एक ग्यानबाची मेख आहे. माणूस गहू खात असेल तरच ती बोलते. आधीच कुणाच्या सांगण्यावरून गहू सोडला असेल, तर खरा रोग असूनही तपासणी कोरी येऊ शकते. म्हणून पोळी बंद करायच्या आधी ही तपासणी, नंतर नव्हे.

इकडे अन्नाच्या अ‍ॅलर्जीतला गोंधळ निस्तरायला एक साधीच युक्ती उपयोगी पडली. अमेरिकेतल्या मेरी लव्हलेस यांनी १९५० मध्ये दूध दुसऱ्या पदार्थांत लपवून रुग्णांना दिले. दुधाने त्रास होतो असे सांगणाऱ्या काहींना नकळत दिलेल्या दुधाने काहीच झाले नाही. १९७६ मध्ये डेन्व्हरचे चार्ल्स मे यांनी याला शिस्त आणली. संशयित अन्नाची पूड अपारदर्शक कॅप्सुलांत भरायची. काही कॅप्सुलांत निरुपद्रवी पूड. कोणत्या दिवशी कोणती, हे मुलालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. अशा परीक्षेत घरच्यांनी दोषी ठरवलेले पुष्कळ पदार्थ निर्दोष सुटले. तेव्हापासून आजतागायत अन्नाच्या अ‍ॅलर्जीत शेवटचा शब्द या परीक्षेचा मानतात.

पोटाच्या रुग्णांची अशी परीक्षा केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रुक्स रुग्णालयात झाली. जॉन हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की आयबीएसच्या २१ रुग्णांपैकी १४ जणांत विशिष्ट पदार्थ लक्षणे चेतवतात. यादीत गहू सर्वांत वर. सहा जणांवर डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखी ती गुप्त परीक्षाही केली आणि सहाही जणांत संशय खरा ठरला. मात्र रक्तात अ‍ॅलर्जीची खूण म्हणावी असे काही सापडले नाही. म्हणजे अन्न बाधते हे खरे, पण अ‍ॅलर्जी म्हणावी तशी ती नव्हे.

वर्षभरातच मँचेस्टरहून उलट सूर आला. अन्नाच्या अ‍ॅलर्जीची तक्रार घेऊन आलेल्या २३ जणांची गुप्त परीक्षा केली, तेव्हा फक्त चौघांचीच तक्रार सिद्ध झाली. उरलेल्यांत मानसिक ताण आढळला. झाले! ‘तुमच्या पोटात काही नाही, मनात आहे’ हे वाक्य दवाखान्यादवाखान्यांतून ऐकू येऊ लागले. आयबीएसच्या किती रुग्णांनी, त्यातही किती बायकांनी, हे वाक्य ऐकून मान खाली घातली असेल, त्याची मोजदाद नाही. माझ्या मते कॅप्सुलेच्या परीक्षेची एक मर्यादा त्या वेळी पुरेशी ध्यानात घेतली गेली नाही. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीला चिमूटभर पूड पुरते. पण ज्याला दोन पोळ्यांनंतर सहा तासांनी त्रास होतो, त्याला दोन कॅप्सुलांत मावेल एवढ्या गव्हाने काय होणार?

प्रमाणाचा हा मुद्दा पुढे कळीचा ठरला. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील पीटर गिब्सन आणि आहारतज्ज्ञ सू शेफर्ड यांनी ‘फॉडमॅप’ हा शब्द रूढ केला. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरांचे हे गटनाव. त्या मोठ्या आतड्यापर्यंत जातात, पाणी ओढून घेतात, तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारून वायू सोडतात आणि आतडे ताणले जाते. हे सर्वांच्याच पोटात होते. पण ज्याचे आतडे हळवे, त्याला तो ताण कळ होऊन जाणवतो. यात प्रतिकारसंस्थेचा हात नाही, प्रतिपिंडे नाहीत. गव्हातले आणि कांदा-लसणातले फ्रुक्टान, कडधान्यांतल्या साखरा, दुधातले लॅक्टोज, सफरचंदातले फ्रुक्टोज, ही त्यातली ठळक मंडळी. कांद्याची चकती सोसेल, पण भज्यांची बशी सोसणार नाही.

आपल्या स्वयंपाकघरात डोकावले, तर यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. कडधान्ये भिजवून ते पाणी फेकून देण्याची रीत आपल्याकडे आहेच. त्या पाण्याबरोबर या साखरांचा काही भाग निघून जातो. फ्रुक्टान पाण्यात विरघळतो, तेलात नाही. त्यामुळे तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या, तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. कांदा-लसणाऐवजी हिंग चालतो. दुधापेक्षा दही थोडे बरे, कारण विरजणाने काही लॅक्टोज आधीच संपवलेले असते. दुधाचा प्रश्न तर निव्वळ एका एन्झाइमचा आहे. लॅक्टोज पचवणारे लॅक्टेज मोठेपणी अनेकांत कमी होते. जगात बहुसंख्य माणसे अशीच आहेत. त्याला ‘दुधाची अ‍ॅलर्जी’ म्हणणे म्हणजे डोळ्याला चष्मा लागला तर आंधळा म्हणण्यासारखे.

फॉडमॅप कमी करून खरेच बरे वाटते का? मोनॅशच्याच गटाने २०१४ मध्ये आयबीएसच्या ३० रुग्णांना तीन आठवडे एक आणि तीन आठवडे दुसरा असा तयार आहार पुरवला. शंभरच्या मापावर त्रासाचा आकडा नेहमीच्या ऑस्ट्रेलियन आहारात सुमारे ४५ होता, तो कमी फॉडमॅपच्या आहारात सुमारे २३ वर आला. परंतु २०१५ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी ७५ रुग्णांत याची तुलना जुन्याच सल्ल्याशी केली. वेळेवर जेवा, थोडे थोडे खा, तेल-तिखट-कॉफी आवरा. दोन्हीकडे साधारण निम्म्या लोकांना गुण आला. आजीचा सल्ला नव्या शास्त्रापुढे हरला नाही, हे वाचून काही वाचकांना बरे वाटेल!

गव्हाच्या बाबतीत तर शास्त्रज्ञांनी स्वतःचाच निष्कर्ष उलटवला. मोनॅशच्या जेसिका बिएसिएकिएर्स्की यांनी २०११ मध्ये ३४ जणांच्या गुप्त परीक्षेतून दाखवले होते, की सिलिअ‍ॅक नसतानाही ग्लूटेनने पोट बिघडते. ग्लूटेनमुक्त पदार्थांच्या बाजारात या शोधाचे स्वागत झाले. त्यांनीच २०१३ मध्ये ३७ जणांना आधी कमी फॉडमॅपचा आहार दिला आणि मग ग्लूटेन दिले. फरक पडला नाही! २०१८ मध्ये ऑस्लोच्या प्रयोगात ५९ जणांना ग्लूटेनच्या, फ्रुक्टानच्या आणि दोन्ही नसलेल्या वड्या दिल्या. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या वड्यांनी झाला. ग्लूटेन सोडून ज्यांना बरे वाटत होते, त्यांना बहुधा ग्लूटेनबरोबर गेलेल्या साखरेमुळे बरे वाटत होते. केळी आणि पावाची कहाणी पुन्हा एकदा!

आता तो साठ वर्षांपूर्वीचा धागा. बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाच्या गाय बुकस्टान्स यांच्या गटाने २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापला. उंदरांच्या आतड्यात जंतुसंसर्ग झालेला असतानाच त्यांना अंड्यातले एक प्रथिन खाऊ घातले. संसर्ग बरा झाला. नंतर तेच प्रथिन दिले, की उंदरांचे पोट दुखू लागले. तपासले तेव्हा आयजीई प्रतिपिंडे सापडली. पण फक्त आतड्याच्या भिंतीत. कातडीची किंवा रक्ताची चाचणी केली असती, तर ती कोरीच आली असती. मग आयबीएसच्या १२ रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात दुर्बिणीतून गहू, ग्लूटेन, सोया आणि दूध यांचे अर्क टोचले. बाराही जणांत कुठल्या ना कुठल्या पदार्थाने त्या जागी सूज आली; आठ निरोगी माणसांत ती दोघांत आली. प्राउस्निट्झनी पोटाच्या बाहेरच्या कातडीवर जे केले, तेच बरोबर शंभर वर्षांनी पोटाच्या आतल्या कातडीवर झाले. चौधरी आणि ट्रूलव्ह यांच्या रुग्णांचे पोट आमांशानंतर का बिघडले असावे, याचे एक उत्तर यातून मिळू शकते. रुग्ण अवघे बारा, म्हणून घाई नको. पण ‘मनात आहे’ म्हणणाऱ्यांनी यापुढे थोडे जपून बोलावे, एवढे तर झाले.

या सगळ्याच्या जोडीला एक बाजारही उभा राहिला आहे. रक्ताचे चार थेंब द्या, शंभर-दोनशे पदार्थांची यादी घ्या. लाल खुणेचे पदार्थ बंद. यातल्या बहुतेक चाचण्या ‘आयजीजी’ या दुसऱ्याच प्रतिपिंडाच्या असतात. एखादे अन्न आपण नेहमी खातो, याची ती खूण असते, वैराची नव्हे. युरोपच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्येच निदानासाठी या चाचण्या वापरू नयेत असे सांगितले. दुसरी बाजूही सांगायला हवी. मँचेस्टरमध्ये २००४ साली १५० रुग्णांवर अशा चाचणीनुसार आखलेला आहार आणि मुद्दाम चुकीचा आखलेला आहार ताडून पाहिला, तेव्हा खऱ्या आहाराचा थोडा अधिक उपयोग झाला. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात खऱ्या आहाराने सुमारे ६० टक्के रुग्णांची पोटदुखी कमी झाली, तर खोट्या आहाराने ४२ टक्क्यांची. या ४२ टक्क्यांकडे नीट पाहा. भलतेच पदार्थ सोडूनही दहातल्या चौघांना बरे वाटले! म्हणूनच ‘चाचणी केली, गहू-दूध सोडले आणि गुण आला’ हा शेजाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. पुरावा मात्र नसतो. आणि अशा याद्यांपायी वाढत्या वयाच्या मुलांचे दूध, डाळ, अंडी एकदम बंद होतात, त्याची किंमत मुलाच्या उंचीने आणि वजनाने मोजावी लागते.

मग ओळखायचे कसे? रोव आणि डिके यांचीच रीत आजही चालते. पण तिच्याआधी दोन गोष्टी. शौचातून रक्त, कारणाशिवाय घटणारे वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांतले काहीही असेल तर पथ्यांच्या नादी न लागता डॉक्टरकडे जावे. आणि एखाद्या पदार्थाने ओठ-घसा सुजला असेल, श्वास लागला असेल, भोवळ आली असेल, तर तो पदार्थ घरी ‘खाऊन पाहू’ नये. ती परीक्षा रुग्णालयातच. हे नसेल आणि सिलिअ‍ॅकची तपासणी झाली असेल, तर दोन आठवडे साधी वही ठेवावी. काय खाल्ले, किती, कधी, आणि पोटाने काय म्हटले. झोप आणि ताणही लिहावा. मग ज्यांचा संशय येतो ते थोडेच पदार्थ, शक्य तर आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने, चार ते सहा आठवडे बाजूला ठेवावेत. काहीच फरक पडला नाही, तर सगळे पूर्ववत सुरू करावे. फरक पडला, तरी खरी परीक्षा त्यानंतरची, आणि नेमकी तीच बहुतेक लोक गाळतात. एका वेळी एकच पदार्थ परत घ्यायचा. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. घरात कुणी मदतीला असेल, तर कोणत्या दिवशी भाजीत लसूण आहे आणि कोणत्या दिवशी नाही, ते आपल्याला न सांगता करायला सांगावे. तीन दिवसांत पोटाने कुरकुर केली नाही, तर तो पदार्थ पुन्हा रोजच्या ताटात आणि वहीत पुढचा पदार्थ.